जोडस्तंभालेख आणि शून्याची जागा

आपल्या सभांतून आकडे पुष्कळ सांगितले जातात. शिष्यवृत्तीचे, अनुशेषाचे, वसतिगृहांचे, अत्याचारांचे. वक्ता खिशातून कागद काढतो, आकडे वाचतो, टाळ्याही पडतात. आणि सभा सुटल्यावर त्यांतला एकही आकडा कोणाच्या ध्यानात राहत नाही. सरकारी अहवाल मात्र तेच आकडे आलेखांत मांडतात आणि ते आलेख पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. दुःख आपले आणि त्याचे चित्र काढणारा हात दुसऱ्याचा, अशी ही वाटणी फार दिवस चालली. ती मोडायची तर ही विद्या आपल्या कार्यकर्त्यांच्या हाती आली पाहिजे. म्हणून प्रस्तुत लेखात मी आलेखाच्या एकाच प्रकाराविषयी लिहिणार आहे. तो प्रकार म्हणजे जोडस्तंभालेख, आणि तो काढण्याचे साधन म्हणजे ‘आर’ ही संगणकाची भाषा.

मी सांताक्रूझ पूर्वेला एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मीच. आजोबा 1972च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला आले आणि गोळीबारच्या वस्तीत राहिले. तिथून कलिन्याला विद्यापीठाचा परिसर पायी जाण्याइतका जवळ. पण त्या फाटकातून आत जायला आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या. हे सांगण्याचे कारण एवढेच की पुढे ज्या स्तंभांविषयी मी लिहिणार आहे, त्यांतल्या एकात मी स्वतः आहे.

जोडस्तंभालेख म्हणजे काय?

सातवीच्या गणिताच्या पुस्तकात हा शब्द आपण सर्वांनीच वाचलेला असतो. साध्या स्तंभालेखात एका गोष्टीला एक स्तंभ. जोडस्तंभालेखात एकाच जागी दोन किंवा अधिक स्तंभ एकमेकांना खेटून उभे असतात आणि मग थोडी मोकळी जागा सोडून दुसरा गट सुरू होतो. म्हणजे त्यात दोन प्रश्न एकाच वेळी विचारलेले असतात. शिक्षणाची पातळी कोणती, हा एक. आणि शिकणारा कोण, हा दुसरा.

ही कल्पना जुनी आहे. विल्यम प्लेफेअर याने 1786 साली लंडनमध्ये स्कॉटलंडच्या व्यापाराचा जो स्तंभालेख छापला, त्यात प्रत्येक देशापुढे आयात आणि निर्यात असे दोन स्तंभ जोडीनेच होते. व्यापाऱ्यांचे हे साधन पुढे शोषितांच्याही हाती आले. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांनी अटलांटा विद्यापीठातील आपल्या विद्यार्थ्यांकडून हाताने काढून घेतलेले आलेख मांडले. गुलामगिरीतून सुटलेल्या निग्रो समाजाची जमीन, साक्षरता, धंदे हे सर्व त्यांत होते. त्याच दु बॉईस यांच्याशी 1946 साली बाबासाहेबांनी पत्रव्यवहार केला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

बाबासाहेबांचा तक्ता

उदाहरणासाठी दूर जायला नको. 1928 साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी एक निवेदन सादर केले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात ते आहे. इलाख्याच्या सरकारने लोकसंख्येचे चार वर्ग केले होते: पुढारलेले हिंदू, मुसलमान, मराठा व तत्सम जातींचा मधला वर्ग, आणि मागासवर्ग. या शेवटच्या वर्गात अस्पृश्यांबरोबर डोंगरी जमाती आणि त्या काळी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातीही घातलेल्या होत्या.

प्राथमिक शिक्षणात प्रत्येक वर्गाच्या दर हजार लोकसंख्येमागे विद्यार्थी असे होते: पुढारलेले हिंदू 119, मुसलमान 92, मधला वर्ग 38, मागासवर्ग 18. माध्यमिक शिक्षणात दर लाखामागे 3,000, 500, 140 आणि 14. महाविद्यालयात दर दोन लाखांमागे 1,000, 52, 14. आणि मागासवर्गाच्या रकान्यात शून्य, असलाच तर जेमतेम एखादा.

हा तक्ता नुसता वाचला तरी माणूस अस्वस्थ होतो. पण त्याचा आलेख काढायला बसलो की पहिली अडचण समोर येते. तीन पातळ्यांचे तीन पाये आहेत: हजार, लाख आणि दोन लाख. बाबासाहेबांनी पाये वेगळे ठेवले ते योग्यच होते, कारण वाचणाऱ्याला पूर्ण आकडे मिळाले. आलेखात मात्र एकाच अक्षावर तीन मापे चालत नाहीत. दुकानदाराने एका गिऱ्हाइकाला किलोने आणि दुसऱ्याला शेराने मोजावे, तसे ते होईल. म्हणून सर्व आकडे दर लाखावर आणले पाहिजेत. प्राथमिक: 11,900, 9,200, 3,800, 1,800. माध्यमिक: आहेत तेच. महाविद्यालय: 500, 26, 7 आणि शून्य.

पाया एक होताच तक्ता निराळे बोलू लागतो. प्राथमिक शाळेत पुढारलेल्यांचे प्रमाण मागासवर्गाच्या साडेसहा पट आहे. माध्यमिक शाळेत ते दोनशे चौदा पट होते. महाविद्यालयात पट काढताच येत नाही, कारण शून्याने भागता येत नाही. शाळेच्या दारात जी विषमता दिसते, ती प्रत्येक पायरीवर वाढत जाते. अस्पृश्याचे पोर पहिलीत बसू दिले म्हणजे काम झाले, असे म्हणणाऱ्यांना या तक्त्यात उत्तर आहे.

संगणकापुढे

‘आर’ ही संख्याशास्त्रासाठी केलेली भाषा. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी 1990च्या दशकात ती घडवली. ती फुकट मिळते, तिच्यासाठी परवाना विकत घ्यावा लागत नाही आणि साध्या संगणकावरही चालते. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. तिच्यात आलेख काढण्यासाठी हॅडली विकम यांनी केलेली ‘जीजीप्लॉट’ नावाची जोड सर्वत्र वापरली जाते.

पहिले काम माहितीची मांडणी. बाबासाहेबांच्या तक्त्यात चार वर्ग उभे आणि तीन पातळ्या आडव्या आहेत. माणसाला असा तक्ता सोयीचा. संगणकाला लांब यादी सोयीची. तीन रकाने करावेत: वर्ग, पातळी आणि प्रमाण. प्रत्येक ओळीत एकच आकडा. चार वर्ग आणि तीन पातळ्या म्हणजे एकूण बारा ओळी. या बारा ओळी मोजून पाहाव्यात. हे मी मुद्दाम सांगतो. कारण पुढे कळेल.

दुसरे काम संगणकाला सांगणे: आडव्या अक्षावर पातळी, उभ्या अक्षावर प्रमाण आणि छटा वर्गाप्रमाणे. एवढेच सांगितले तर तो स्तंभ एकमेकांवर रचतो; तो विभाजित स्तंभालेख झाला. स्तंभ शेजारी उभे करण्यासाठी ‘डॉज’ ही सूचना द्यावी लागते. इंग्रजीत त्याचा अर्थ अंग चोरून बाजूला सरणे. कोणी कोणाच्या डोक्यावर उभे राहू नये, बाजूला सरून आपल्या पायांवर उभे राहावे, एवढाच त्या सूचनेचा आशय. जीजीप्लॉट वापरायची नसेल तर ‘आर’मधल्या मूळच्या ‘बारप्लॉट’ या आज्ञेतही ‘बिसाइड’ म्हणजे शेजारी, असे सांगता येते.

तिसरे काम क्रम. काही सांगितले नाही तर संगणक वर्गांची नावे अक्षरांच्या क्रमाने लावतो. प्राथमिकनंतर माध्यमिक, मग महाविद्यालय हा क्रम त्याला कळत नाही. तो आपण ठरवून द्यायचा.

एवढे केले की आलेख उभा राहतो, आणि लगेच त्याची मर्यादाही दिसते. उभा अक्ष बारा सेंटिमीटरचा धरला आणि त्यात 11,900चा स्तंभ बसवला, तर माध्यमिकमधल्या मागासवर्गाच्या 14ची उंची एक मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढी येते. पेन्सिलीची रेघही त्याहून जाड असते. अशा वेळी प्रत्येक पातळीची वेगळी चौकट करून तिला तिची वेगळी मोजपट्टी देता येते. त्यात लहान स्तंभ दिसू लागतात, पण पायरीगणिक सगळेच किती खाली उतरले ते दिसेनासे होते. मी विद्यार्थ्यांकडून दोन्ही आलेख काढून घेतो आणि प्रत्येकाखाली तो काय दाखवतो व काय झाकतो, ते एका वाक्यात लिहायला लावतो.

शून्याची जागा

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. महाविद्यालयाच्या गटात मागासवर्गाच्या रकान्यात काय भरायचे?

कोणी उत्साहाने तिथे शब्द लिहिला, ‘नाही’ म्हणून, तर सगळा रकाना संख्यांचा न राहता अक्षरांचा होतो आणि आलेख बिघडतो. जागा कोरी सोडली तर माहिती नसल्यामुळे ओळ वगळली, अशी सूचना संगणक देतो. आणि शून्यच आहे, लिहायचे कशाला, असे म्हणून कोणी ती ओळच गाळली, बाराच्या अकरा ओळी केल्या, तर तो काहीच बोलत नाही. महाविद्यालयाच्या गटात चारऐवजी तीनच स्तंभ काढतो आणि चौघांची रुंदी त्या तिघांना वाटून देतो. उरलेले तीन स्तंभ अंग पसरून बसतात. तिथे चौथा कोणी असायला हवा होता, याची खूणही राहत नाही.

हे मला पुस्तकातून कळले नाही. गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी आपापल्या वस्तीत पाठवले होते. वाकोला, गोळीबार, कलिना. घरातल्या तीन पिढ्यांत कोण कुठवर शिकले, एवढेच विचारायचे होते. माहिती आली आणि पिढीवार जोडस्तंभालेख काढला: प्रत्येक पातळीला पुरुषांचा एक स्तंभ, बायकांचा एक. आजी-आजोबांच्या पिढीत पदवीपाशी एकच स्तंभ उभा राहिला. पुरुषांचा. तो इतर स्तंभांच्या दुप्पट रुंद होता. मी क्रम आणि छटा तपासत होतो. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आजीचा रंगच नाही इथं. आणि आजोबा तिच्या जागेवर बसलेत.”

वर्ग हसला. मलाही हसू आले, आणि मग मी गप्प झालो. संगणकाने कोणाशी दुजाभाव केला नव्हता. यादीत जेवढ्या ओळी होत्या तेवढ्याच त्याने मोजल्या. पदवीधर आजी एकही नव्हती, म्हणून तिची ओळ तयारच झाली नाही. आणि ओळ नाही म्हणून जागाही नाही. जो हजर आहे त्याचीच नोंद घेणारी कोणतीही पद्धत, तिच्या मनात काही वाईट नसले तरी, गैरहजर असलेल्याची जागा हजर असलेल्याला देऊन टाकते. ही गोष्ट आपल्याला संगणकाने शिकवायला नको होती.

उपाय सोपा आहे. ‘कम्प्लीट’ नावाची एक आज्ञा आहे. शक्य तेवढ्या सर्व जोड्यांच्या ओळी ती तयार करते आणि तसे सांगितले तर ज्या जोडीत कोणी नाही तिथे शून्य भरते. मग स्तंभाला उंची नसते, पण जागा असते. आणि त्या जागेवर ‘0’ हा आकडा छापता येतो.

पण तो उपाय करताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. शून्य दोन प्रकारांनी येते. विचारले आणि कोणी नव्हते, हे एक शून्य. विचारलेच नाही, हे शून्य नव्हे; ती कोरी जागा आहे. विद्यार्थ्यांचे कागद पुन्हा चाळले तेव्हा काही घरांत आजोबांचे शिक्षण विचारून आजीचे विचारलेच नव्हते, असे आढळले. तिला काय विचारायचे, ती अडाणीच असणार, असे आमच्याच मुलांनी गृहीत धरले होते. मी त्यांना परत पाठवले. पदवीधर आजी तरीही मिळाली नाही. पण गावात दुसरी-तिसरीपर्यंत गेलेल्या आज्या निघाल्या, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात सही शिकलेल्या निघाल्या. आम्ही बिनदिक्कत शून्य भरले असते तर त्यांची पाटी आम्हीच पुसली असती.

कोणाला कोणाशेजारी उभे करायचे?

बाबासाहेबांच्या तक्त्यात मुली वेगळ्या मोजलेल्या नाहीत. तो प्रश्न आपण पुढच्या जनगणनांना विचारू शकतो. महाराष्ट्रातील साक्षरतेचे टक्के पाहा. सर्व पुरुष: 1991 साली 76.6, 2001 साली 86.0, 2011 साली 88.4. अनुसूचित जातींचे पुरुष: 70.4, 83.3, 87.2. सर्व स्त्रिया: 52.3, 67.0, 75.9. अनुसूचित जातींच्या स्त्रिया: 41.6, 60.0, 71.9.

हे बारा आकडे दोन तऱ्हांनी मांडता येतात. पहिल्या तऱ्हेत सर्व पुरुषांशेजारी दलित पुरुष उभा करा. 2011मध्ये दोघांत फक्त 1.2 टक्क्यांचे अंतर आहे. दोन स्तंभ जवळजवळ समान. हा आलेख दाखवून कोणी म्हणेल, आता कसली विषमता उरली? दुसऱ्या तऱ्हेत दलित पुरुषाशेजारी दलित स्त्री उभी करा. 1991 साली अंतर 28.8 होते, 2011 सालीही 15.3 आहे. पहिला आलेख समाजाला प्रश्न विचारतो. दुसरा प्रश्न आपल्या घरात विचारावा लागतो. आपल्या चळवळीने पहिला आलेख नेहमी हाती धरला आणि दुसरा पुष्कळदा गुंडाळून ठेवला, हे मान्य केले पाहिजे. दोन्ही काढावेत.

आणखी एक खोच. ‘सर्व’ या स्तंभात अनुसूचित जातीही आहेत. म्हणजे आपण आपल्याला थोडेसे आपल्याशीच ताडून पाहतो आणि अंतर आहे त्याहून कमी दिसते. खरी तुलना ‘इतर’ लोकांशी हवी. त्यासाठी मूळ संख्या घेऊन वजाबाकी करावी लागते. शिवाय साक्षरता म्हणजे वाचता-लिहिता येणे, एवढेच. 1928च्या तक्त्याने शिकवले ते विसरू नये: खालच्या पायरीवर अंतर मिटत आले म्हणून वरच्या पायरीवर ते मिटले असे होत नाही.

स्तंभाखालचे नाव

मी 1991पासूनच सुरुवात का केली, असा प्रश्न जाणकार वाचक विचारील. 1981मध्ये महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण 7.14 टक्के होते, 1991मध्ये ते 11.09 टक्के झाले. दहा वर्षांत एवढी माणसे जन्मली नाहीत. 1956च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले. 1951 साली महाराष्ट्रात अवघे अडीच हजारांच्या आसपास असलेले बौद्ध 1961 साली सुमारे 28 लाख झाले. पण बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातींच्या गणतीतून बाहेर पडत होता. 1990च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला आणि 1991च्या गणतीत ते त्या नावाखाली परत आले. तेव्हा 1981 आणि 1991चे स्तंभ शेजारी उभे केले, तर वर नाव एकच आणि खाली माणसे निराळी, असा प्रकार होतो. साक्षरतेचा पायाही 1991पासून सात वर्षे व त्यावरील वयाचा झाला. आधीचा वेगळा होता. संगणकाला यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्याने इतिहास वाचलेला नाही; तो आपण वाचायचा.

कार्यकर्त्यांसाठी थोडे व्यवहाराचे

उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करावा. 80पासून सुरू केला तर 87.2 आणि 88.4 यांच्यात डोंगर-दरीचे अंतर दिसेल. ते आपल्या बाजूचे असले तरी खोटे आहे, आणि एकदा खोटे पकडले गेले की आपले खरेही कोणी ऐकत नाही. आपली पत्रके छायाप्रतींवर निघतात, म्हणून रंगांवर विसंबू नये. काळा, करडा, पांढरा अशा छटा घ्याव्यात. एका गटात चारांहून अधिक स्तंभ नकोत. मराठी नावे छापताना जोडाक्षरे तुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. ‘रॅग’ नावाची जोड वापरली की ती नीट येतात. प्रत्येक आलेखाखाली पाया काय, वर्ष कोणते आणि गटात कोण धरले आहे, हे लिहावे.

आणि आलेख काढण्यापूर्वी ओळी मोजाव्यात. जेवढ्या जोड्या शक्य, तेवढ्या ओळी. कमी भरल्या तर कोण गळाले ते शोधावे, आणि गळाले ते नव्हते म्हणून की विचारले नाही म्हणून, हे ठरवावे. 2011नंतरची जनगणना लांबली. पुढच्या जनगणनेत सर्व जातींची नोंद होईल, असे केंद्र सरकारने 2025 साली जाहीर केले. ते आकडे येतील तेव्हा त्यांचे आलेख कोणीतरी काढणारच. ते आपल्या वस्तीतल्या मुलामुलींनी काढावेत, अशी माझी इच्छा आहे.

बाबासाहेबांच्या तक्त्याचा आलेख मी प्रथम घरीच काढला. आई शेजारी भाजी निवडत बसली होती. तिला अक्षर येत नाही. पडद्याकडे पाहून तिने विचारले, “ह्याच्यात आपली कोणची रे?” मी महाविद्यालयाच्या गटातल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले. ती म्हणाली, “तिथं तर काहीच नाही.” मी म्हणालो, “आई, जागा आहे.” तिने थोडा वेळ त्या जागेकडे पाहिले आणि परत भाजी निवडू लागली.